पत्र्याला लावलेली वायर

बाबा,

यंदा मी वयानं तुमच्या पुढं गेले. तुम्ही गेलात त्या वयाला मी मागच्या पावसाळ्यात पोहोचले आणि आता ते ओलांडलंही. म्हणजे यापुढं मी तुमच्यापेक्षा मोठी, आणि मोठ्यानं लहानाला दोन गोष्टी सुनवायच्या असतात, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही हसला असता, पण ओठातल्या ओठात. मोकळं हसणं तुम्हाला जमायचं नाही. खांबावरून उतरून कमरेचा पट्टा सोडताना आणि मायच्या हातचं पाणी घेताना जे काय हसायचात तेवढंच. तर सांगायचं असं की तुमचा एक नियम मी मोडला. चुकून नाही, ठरवून मोडला. दिवसाढवळ्या, आदिलाबादच्या बस स्टँडमागे, एका जुन्या अँबेसडरच्या डिक्कीत डोकं घालून मोडला. तुम्हाला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

आपण गुडीहत्नूरला राहत होतो तेव्हाची गोष्ट आधी सांगते, कारण नियम तिथला. घराच्या तीन भिंती मातीच्या, चौथी पत्र्याची, आणि चूल नेमकी पत्र्याच्या कोपऱ्यात. पुढच्या खोलीत एक बल्ब होता. लाइनमनच्या घरी तेवढं तरी मिरवायला हवंच. पण माय स्वयंपाक अंधारात करायची आणि भाकरी करपली की नाही ते वासावरून ओळखायची. मी सहावीत होते. तुम्ही लाइनवर गेलेले, माय कापूस वेचायला. मी तुमच्या पिशवीतली उरलीसुरली वायर काढली, पुढच्या खोलीतल्या बोर्डापासून चुलीपर्यंत ओढली, पत्र्यात खिळे ठोकून होल्डर टांगला आणि बल्ब लावला. संध्याकाळी माय आली तर चुलीवर उजेड. ती एकेक भांडं उचलून पाहायला लागली, आजवर आपण कशात शिजवत होतो म्हणून. मग तुम्ही आलात. बल्बकडं पाहिलंत, पत्र्याकडं पाहिलंत, आणि आधी मेन खाली ओढलात. अंधारात तुमचा आवाज आला.

"हे कोनं केलं?"

"म्या."

थप्पड अंधारातही बरोबर गालावर बसली. तुमच्या हातची तेवढी एकच. माय मध्ये पडली, "पोरीनं माह्यासाठी केलं जी," तर तुम्ही तिलाही बोललात. मग काडी ओढून चिमणी लावलीत आणि मला समोर बसवून सांगितलंत, "पत्र्याले वायर लावाची नाई. कदीच नाई. पत्रा म्हंजे कोनाचा तरी हात समज. आज नाई तं उद्या कोनीतरी त्याले हात लावतेच." शेजारच्या गल्लीतली एक बाई पावसाळ्यात अशीच पत्र्याच्या दाराला चिकटली होती आणि तुम्ही तिला वाळक्या लाकडानं ढकलून सोडवलं होतं, हे मला मायकडून नंतर कळलं. ती वाचली, पण तिची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही लाकडी पट्ट्या आणल्या, त्या पट्ट्यांवरून वायर नेली, आणि मला हातात स्क्रू धरून उभं केलं. चुलीवर पुन्हा उजेड आला. माझा गाल मात्र दोन दिवस हुळहुळत होता, आणि ते वाक्य गालातून आत गेलं ते गेलंच.

त्यानंतर सुटीच्या दिवशी कुणाच्या घरचं काम असलं की तुम्ही मला बरोबर न्यायला लागलात. शिडी धर, पट्टी धर, वायर सोल. दहावी पास झाले तेव्हा तुम्ही मला नवीन पक्कड आणून दिलीत, पिवळ्या मुठीची. दुसऱ्यांच्या पोरींना त्या दिवशी कानातलं मिळालं होतं. मी पक्कड फ्रॉकच्या खिशात घालून वस्तीभर फिरले. पण देताना तुम्ही लगेच कुंपणही घातलंत. "घरापुरतं शिक. पोटासाठी नाई. पोटासाठी तुले खुर्ची पाह्यजे, पंख्याखालची." तुम्ही स्वतः वर्षानुवर्षं उन्हात खांबावर लटकलेले, म्हणून तुम्हाला पंख्याखालची खुर्ची म्हणजे काय ते नीट ठाऊक होतं. मला तेव्हा वाटलं, खुर्चीचं पुढं पाहू, पक्कड तर मिळाली.

मग तुम्हाला कावीळ झाली आणि बघता बघता संपलात. तुमच्या मागं खात्यातून निरोप आला की घरातल्या एकाला नोकरी मिळेल. घरात दोघीच. माय कधी शाळेत गेलेली नाही, म्हणजे मीच. नोकरी अटेंडरची, साहेबांना पाणी द्यायचं, फाइली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायच्या, ग्लास धुवायचे. पंखा होता, खुर्ची नव्हती, स्टूल होतं. मी म्हटलं, मला नको. बाबा, आपल्या वस्तीत सरकारी नोकरीला नको म्हणणारी पोरगी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. बायका मला पाहायला यायच्या. माय भिंतीवरच्या फोटोकडं हात करून म्हणायची, "त्यायनं एवढं केलं आपल्यासाठी, अन् ही पोरगी चालत आलेल्या नोकरीले लाथ मारून राह्यली. लोकं सायबाचे पाय धरतेत व, पाय." मी म्हणायची, "माय, मले केबल जोडता येते, अन् मी ग्लास धू?" ती म्हणायची, "केबल जोडून कोनाचं पोट भरलं? तुह्या बापाचं तरी पगारानं भरलं, केबलीनं नाई."

पण मी हटून बसले. एका सरकारी योजनेत टेप-रेडिओ दुरुस्तीचं शिक्षण मी तुमच्या देखतच घेतलं होतं. तुम्ही म्हणाला होता, नोकरी लागेपर्यंत हाताला चाळा बरा. मामाची सायकल दुरुस्तीची टपरी बस स्टँडमागे रिकामी पडली होती. ती मी मागून घेतली. नुसता पत्र्याचा डबा, उन्हाळ्यात भाकरी भाजावी असा तापायचा. आत वायरिंग केलं तेव्हा मी चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकल्या, एकही वायर पत्र्याला शिवणार नाही अशा. मामा म्हणाला, "एवढ्या लाकडात तं पलंग झाला असता." रेडिओ यायचे, इस्त्र्या यायच्या, कॅसेट गुंतलेले टेप यायचे. बाई दुरुस्त करते म्हटल्यावर काही जण येऊन पाहून परत जायचे. माय रोज दुपारी डबा घेऊन यायची, पायरीवर बसायची आणि आज किती जण परत गेले याची चौकशी करायची. शेवटी एक दिवस तिनं अट घातली. "एक तरी मोठं काम करून दाखव, लोकायनं नाव घ्यावं असं. नाई तं महिना सरायच्या आत माह्यासंगं हापिसात चाल." मी म्हटलं, ठीक. तिला वाटलं पोरगी हरली, मला वाटलं मुदत मिळाली.

आणि चाचा आले. चाचा म्हणजे लग्नाला गाडी भाड्यानं देणारे. त्यांची पांढरी अँबेसडर अख्ख्या आदिलाबादला माहीत होती, कारण अर्ध्या गावाचे नवरदेव तीतून गेले होते. त्यांच्या घरचं वायरिंग तुम्ही करून दिलं होतं, ते त्यांना आठवत होतं. त्यांचा जावई दुबईहून आला होता आणि त्यानं सासऱ्यासाठी काय आणावं, तर गाडीत बसवायचा अँप्लिफायर आणि जाड आवाजाचा डबा, ज्याला तो वूफर म्हणत होता. टेप त्यानं आधीच्या खेपेला आणला होता, तो गावातल्या गाड्यांच्या बॅटरीवाल्यानं बसवून दिला होता. हे नवीन धूड पाहिल्यावर मात्र बॅटरीवाल्यानं हात जोडले आणि हैदराबादचा रस्ता दाखवला. चाचांनी तो डबा माझ्या टपरीपुढं ठेवला. त्यात मी मावले असते. "देख बेटी," ते म्हणाले, "तेरे बाप का हाथ मैं देखा हूँ. परसों नेरडीगोंडा की बारात है. होता तो हौ बोल, नक्को तो नक्को बोल."

मी असला अँप्लिफायर जन्मात पाहिला नव्हता. पायरीवर माय बसली होती, हातात डब्याचं झाकण घेऊन. मी म्हटलं, "होता चाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे काम केलं, ते बाबा, तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हाला कुठंही बोट ठेवायला जागा मिळाली नसती. बरोबर एक पुस्तिका होती, अर्धी इंग्रजीत, अर्धी अरबीत. मी चित्रांवर भर दिला. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत जाड वायर न्यायची, बॅटरीजवळच फ्यूज घालायचा, हे तर आपलंच शास्त्र. इंजिनाच्या मागच्या पत्र्याला भोक पाडलं तेव्हा कडा कानशीनं घासून त्यात रबराचं कडं बसवलं, वायर कधी चिरू नये म्हणून. गालिचा उचलून वायर खालून नेली, वितावितावर बांधली. टेपपासून सिग्नलची बारीक वायर दुसऱ्या बाजूनं आणली. मग राहिली परतीची वायर. चित्रात त्या वायरीच्या टोकाला तीन आडव्या रेघा होत्या, आपली अर्थिंगची खूण. मी खूण पाहून विचारात पडले. आपण अर्थिंग म्हणजे खड्डा खणतो, मीठ-कोळसा भरतो, पट्टी पुरतो. गाडीला चार रबरी टायर. तिचं अर्थिंग कुठं पुरायचं? मला पेट्रोलच्या टँकरमागं लोंबणारी साखळी आठवली आणि मी चाचांना विचारलंही, मागं साखळी लावायची का. चाचा म्हणाले, "नवरदेव बैठनेकी गाडी है बेटी, भैंस नै है." पुस्तिकेतला बाण गाडीच्या अंगाकडं, पत्र्याकडं दाखवत होता. म्हणजे ते सांगत होते, वायर पत्र्याला लाव. मी पुस्तिका मिटली. दुबईतले लोक आळशी असतील, मी लाइनमनची मुलगी आहे. मी परतीसाठीही तेवढीच जाड वायर घेतली, तीही गालिच्याखालून थेट बॅटरीपर्यंत नेली आणि ऋण टोकाला कसली. गाडीच्या पत्र्याला माझी एकही वायर शिवत नव्हती. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू.

टेप लावला. ढोलकीची कॅसेट होती चाचांची. डिक्कीतून असा दमदार ठेका आला की समोरच्या चहावाल्यानं किटली खाली ठेवली. चाचा दोन्ही हात वर करून म्हणाले, "माशाल्ला." मी मायकडं पाहिलं, ती कौतुक लपवायला रस्त्याकडं पाहत होती. मग चाचांनी इंजिन सुरू केलं.

सुंईऽऽ असा आवाज. ढोलकीच्या वर, बारीक, टोचणारा. एक्सिलेटर दाबला की तोही चढायचा, सोडला की उतरायचा. इंजिन बंद, आवाज बंद. इंजिन सुरू, आवाज सुरू. चाचांचे हात खाली आले. "ये मच्छर किधर से आया?" मी फ्यूज पाहिला, स्क्रू आवळले, वायरी हलवल्या, वूफर उलटा करून पाहिला. तो मच्छर काही हलेना. दुपार कलली तशी भोवती माणसं जमली, आणि बॅटरीवालाही येऊन हाताची घडी घालून उभा राहिला; माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चाचा चांगला माणूस, आवाज न चढवता म्हणाले, "कल दोपहर को बारात निकलती. सुबह तक देख ले. नै हुआ तो निकाल देंगे, बस." माय डबा उचलून उठली. जाताना म्हणाली, "झालं? परवा हापिसात जाऊ." त्यात टोमणा नव्हता. तिला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

त्या रात्री घरी माय भाकरी थापते आहे. मी भिंतीला टेकून बसले आहे, आणि तिच्या थापण्याच्या आवाजातही मला सुंई ऐकू येते आहे. ती म्हणते, "तुह्या बापाले बी हेच पाह्यजे होतं. खुर्ची." मी म्हणते, "स्टूल हाय ते, माय." ती म्हणते, "आज स्टूल, उद्या खुर्ची. पत्र्याच्या डब्यात बसून खुर्ची येत नसते." खरंच बोलत होती ती. तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात वाकून गेलं, तिला पोरगी सरळ बसलेली पाहायची होती. मी जेवले, भांडी घासली आणि ठरवलं की उद्या दुपारपर्यंत मला दोनच गोष्टी कळायला हव्यात: आवाज कुठून येतो आणि कुठून जाईल. रडायचं असलं तर दुपारनंतर वेळच वेळ होता.

सकाळी मी तुमच्याच पद्धतीनं निघाले. एकावेळी एकच वायर सोडायची, एकच पाहायची. सिग्नलची बारीक वायर अँप्लिफायरमधून उपटली, इंजिन सुरू ठेवलं, तर सुंई गेली. म्हणजे मच्छर त्या वायरीतून येत होता. पण वायर तर नवीकोरी. मग ती टेपकडून तपासत गेले, आणि टेपचं परतीचं टोक शोधायला लागले, तर बॅटरीवाल्यानं ते डॅशबोर्डाखाली एका स्क्रूनं सरळ गाडीच्या पत्र्याला लावलेलं. मी मनात त्याला दोन शिव्या दिल्या. मग सहज हेडलाइटमागं पाहिलं. तिथं दिव्याला एकच वायर आणि दुसरी पत्र्याला. हॉर्नलाही एकच. मागच्या लाल दिव्यालाही तेच. मी गाडीभोवती फिरून आले आणि पुढच्या बंपरवर बसले. बॅटरीची ऋण बाजूच जाड पट्टीनं गाडीच्या अंगाला बांधलेली होती. अख्खी गाडीच परतीची वायर होती. सगळे त्या पत्र्यातून परत जात होते आणि माझा अँप्लिफायर तेवढा वेगळ्या रस्त्यानं, सोवळ्यात असल्यासारखा. टेप एका वाटेनं घरी जायचा, अँप्लिफायर दुसऱ्या, आणि त्यांचं जे भांडण व्हायचं ते मधल्या त्या बारीक वायरीत ऐकू यायचं. पुस्तिकेतला बाण बरोबर होता. चुकली होती ती लाइनमनची मुलगी.

कळलं, पण हात पुढं होईना. बारा व्होल्ट माणसाला काही करत नाहीत हे मला पाठ होतं. कुणीही विचारलं असतं तर मी झोपेत सांगितलं असतं. तरी वायरीचं उघडं टोक घेऊन मी डिक्कीपुढं उभी राहिले आणि गाल हुळहुळायला लागला. चाचा बाजूला विडी ओढत होते. म्हणाले, "कायकु रुकी?" मी त्यांना म्हटलं, डिक्कीतला थोडा रंग खरवडावा लागेल, खाली चमकता पत्रा लागेपर्यंत. त्यांनी विडी टाकली. त्या गाडीला ते रोज कपड्यानं पुसायचे, पोरांना हात लावू द्यायचे नाहीत. "पेंट नक्को छेड़ बेटी," ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाले, "लगता ही है क्या?" मी म्हटलं, "लागतं." हो म्हणायला त्यांना जेवढा वेळ लागला त्यापेक्षा मला रंगाला पॉलिश पेपर लावायला जास्त लागला. रुपयाएवढी जागा घासली. आतून पांढरं लोखंड निघालं. उन्हानं गाडी एवढी तापली होती की हात ठेववत नव्हता.

आणि मी तोच ठेवला, बाबा. डावा हात पसरून गाडीच्या अंगावर ठेवला, तळवा पूर्ण टेकवून. पत्रा म्हणजे कुणाचा तरी हात असेल तर आज माझाच असू दे, एवढंच डोक्यात होतं. आणि उजव्या हातानं वायर त्या उघड्या लोखंडाला लावली. चटका बसला, पण तो उन्हाचा. मग बोल्ट घातला, वायसर घातला, पिवळ्या पक्कडीनं धरून पान्यानं गच्च आवळला. बॅटरीपर्यंत नेलेली ती देखणी परतीची वायर ओढून काढली आणि गुंडाळून टपरीत टाकली. चाचांना म्हटलं, इंजिन चालू करा आणि एक्सिलेटर शेवटपर्यंत दाबा.

इंजिन ओरडलं. ढोलकी वाजत राहिली. मच्छर नव्हता. चाचांनी पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं, काच वर करून पाहिलं, कान टेपला लावून पाहिला. मग त्यांनी आवाज वाढवला आणि तो ठेका कानात न येता सरळ पोटात आला. नंबर प्लेट थडथडायला लागली तर मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिच्यामागं लावली. तेवढ्यात टपरीकडून मायची हाक आली. ती डबा घेऊन आली होती, नेहमीसारखी पायरीवर बसली होती, टपरीच्या पत्र्याला हात टेकून. ती उडी मारून उभी राहिली होती आणि हात झटकत होती. "करंट हाय, करंट. मेन खाली कर पोरी." लाइनमनची बायको ती. मी धावत गेले, टपरीला हात लावून पाहिला, आणि हसू आवरेना. वूफरच्या प्रत्येक ठेक्याला टपरीचा पत्रा थरथरत होता. "माय, करंट नाई व. आवाज हाय. गाडीतला." तिचा विश्वास बसेना. मी तिचा हात धरून पत्र्याला लावला. ती आधी बोटाच्या टोकानं शिवली, मग तळवा टेकवला, आणि मग तिनं तो काढलाच नाही. ढोलकी संपली, चाचांनी कॅसेट उलटली, पुन्हा लागली, तरी माय तशीच उभी, पत्र्याला हात लावून, तोंड उघडं. जमलेल्या माणसांत बॅटरीवालाही होता. तो डिक्कीत वाकून तो बोल्ट पाहून आला आणि म्हणाला, "बराबर हाय." त्यानंतर वर्षानुवर्षं असली कामं त्यानंच माझ्याकडं धाडली.

वरात नेरडीगोंड्याला गेली. पुढच्या लग्नसराईत जी गाडी येई ती विचारत येई, चाचांच्या गाडीत बसवलं ते इथंच का. पण त्याच्या आधी, दुसऱ्याच दिवशी, मी एकटी तुमच्या ऑफिसात गेले आणि साहेबांना नोकरी नको म्हणून सांगितलं. ते तेलुगू माणूस, तुमच्याविषयी त्यांना आदर होता. चष्मा काढून म्हणाले, "गवर्नमेंट उद्योगं अम्मा, आलोचिंचुको." सरकारी नोकरी आहे, विचार कर म्हणाले. मी म्हटलं, झाला करून. बाहेर पडताना व्हरांड्यात ते स्टूल दिसलं, भिंतीला लावून ठेवलेलं, आणि वरती पंखा फिरत होता. खोटं कशाला सांगू, त्या उन्हात तो पंखा फार गोड वाटला. मी उभी राहून थोडा वारा घेतला आणि टपरीवर गेले.

मायनं शब्द पाळला. तिनं पुन्हा ऑफिसचं नाव काढलं नाही. पण त्या दुपारी, गाडी गेल्यावर, डब्यातली भाकरी माझ्यापुढं ठेवताना ती एकच बोलली होती. "तुह्या बापानं हे करू देलं नसतं." मी घास घेतला. ते वाक्य मी इतकी वर्षं बाजूला ठेवून दिलं. टपरीची जागा पक्क्या दुकानानं घेतली, दुकानात पंखा आला, त्याखाली खुर्चीही आली. तीत मी क्वचित बसते, कारण काम गाडीत असतं. लोक विचारतात, बाई, हे कुठून शिकलात, आणि कुणीतरी जुना माणूस माझ्या वतीनं सांगून टाकतो, बाप लाइनमन होता, बापाचा हात आहे. मी मान डोलावते. ते खरंही आहे. पण पुरतं खरं नाही.

पुरतं खरं असं की तुम्ही त्या दिवशी टपरीपुढं उभे असता आणि ओरडून नाही, नुसतं "नको" म्हणाला असता, तर मी वायर खाली ठेवली असती. भांडले नसते. परवाच्या दिवशी मायबरोबर ऑफिसात गेले असते, स्टुलावर बसले असते, ग्लास धुतले असते, आणि वर तुमच्यावर रागही धरला नसता, कारण तुमच्यावर राग धरायला मी कधी शिकलेच नाही. माय आजारी पडली तेव्हा मी तुम्हाला मनातल्या मनात कितीदा बोलावलं. दुकानाची पहिली भिंत उभी राहिली तेव्हा बोलावलं. अजूनही एखादं अवघड काम जमलं की बोलावते. हे पत्र पाठवायला कुठं पत्ता नाही म्हणून राहील असं नाही. पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं, पुढच्या ओळीमुळं. त्या एका दिवशी, बाबा, तुम्ही नव्हता ते बरं झालं.